कुंभारणीचं घर

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दरवर्षी कुंभारीण घर बांधायची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही गांधीलमाशीच्या जातीतली, बारीक कमरेची, एकटी राहणारी माशी. ओल्या मातीच्या इवल्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीवर, दाराच्या चौकटीत, फोटोच्या मागे, जागा मिळेल तिथे खोल्या बांधते. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा एकदा खराट्याच्या काडीनं ते घर फोडलं. आत काय असतं ते बघायचं होतं, बस. पहिल्या खोलीत सहा-सात हिरव्या अळ्या दाटीवाटीनं कोंबलेल्या होत्या. मेलेल्या असतील म्हणून हातावर घेतल्या तर एकीनं अंग किंचित आखडलं, आणि परत तशीच लुळी पडली. दुसऱ्या खोलीत हिरवी अळी एकही नव्हती, नुसती रिकामी कातडी होती आणि त्यांच्यामध्ये एक फिकट पिवळी, टम्म फुगलेली, बिनपायांची अळी.

मी ओरडत आजीकडे गेले. आजी एकनाथी भागवत वाचत बसली होती. तिनं पोथीतनं डोकं वर काढलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "कशाला गं फोडलंस? ती अळी कुंभारणीचं ध्यान करत होती."

मग तिनं सांगितलं ते असं. कुंभारीण अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेरनं भुणभुणत राहते. आतली अळी भीतीनं दुसरं काही आठवूच शकत नाही, रात्रंदिवस तिला कुंभारीणच दिसते, आणि असं करता करता एक दिवस ती स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. जसं ध्यान तसं रूप. अवधूतानं जे चोवीस गुरू केले त्यातला शेवटचा हाच. नाथांनी काशीत बसून १५७३ साली जो ग्रंथ पुरा केला तो भागवताच्या अकराव्या स्कंधावर, आणि त्याच्या नवव्या अध्यायात हा गुरू येतो. कीर्तनात, प्रवचनात भ्रमर-कीटकाचा दाखला तुम्हीही ऐकला असेल.

मला ते पटलंही आणि नाहीही. कारण ती रिकामी कातडी मी पाहिली होती.

पुढे पुण्यात हॉस्टेलला असताना कुणीतरी व्हीसीडी आणली आणि आम्ही सहा-सात जणींनी दार लावून 'एलियन' पाहिला. १९७९ सालचा सिनेमा, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकींच्या वयाचाच. अंतराळयानातल्या एका माणसाच्या तोंडावर एक प्राणी झेप घेऊन चिकटतो, मग गळून पडतो, माणूस शुद्धीवर येतो, भूक लागलीये म्हणतो, सगळे जेवायला बसतात, हसतात, आणि घास घेता घेता त्याला कळ येते, तो टेबलावर आडवा होतो आणि त्याची छाती फोडून आतनं काहीतरी बाहेर येतं. बाकीच्या किंचाळल्या. मी किंचाळले नाही, मला एकदम पडवीतली खिडकी दिसली. हे मी पाहिलंय, हातावर घेतलंय, एवढंच डोक्यात आलं. पण ते कुणाला सांगितलं नाही तेव्हा.

खूप वर्षांनी कळलं की ते खरंच तसंच होतं. सिनेमा लिहिणाऱ्या डॅन ओबॅननं स्वतःच लिहून ठेवलंय की त्या प्राण्याचं जीवनचक्र त्यानं परजीवी माश्यांवरनं उचललं, सुरवंटाच्या जिवंत अंगात अंडी घालणाऱ्या. पण मला त्या सिनेमाकडे परत नेलं ते माशीनं नाही, माझ्या पोटानं.

एकतिसाव्या वर्षी माझं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नाही, जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं उजव्या बाजूला खाली कुणीतरी आतनं पिळतंय असं. वजन उतरलं, ताप यायचा. एका डॉक्टरांनी आतड्याचा टीबी म्हणून औषधं सुरू केली, सात महिने गोळ्या घेतल्या, लघवी लालकेशरी व्हायची, बाकी काही फरक नाही. मग दुसरीकडे परत कोलोनोस्कोपी, परत बायॉप्सी, आणि नाव कळलं, क्रोन्स. आपल्याकडे हे दोन आजार एकमेकांसारखे इतके दिसतात की चुकामूक खूप जणांची होते, त्यामुळे त्या पहिल्या डॉक्टरांवर आता राग नाही, पण ते सात महिने गेलेच. क्रोन्समध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण करणारी यंत्रणा आतड्यावर उलटते. बाहेरनं माणूस धडधाकट दिसतो. लोक म्हणतात, बारीक झालीस, छान दिसतेस.

तेव्हा रात्री झोप लागायची नाही म्हणून मोबाईलवर याच आजाराबद्दल वाचत बसायचे, आणि एका रात्री परत ते नाव समोर आलं. डॅन ओबॅननला क्रोन्स होता. तो २००९ च्या डिसेंबरमध्ये त्याच आजारानं गेला, ६३ वर्षांचा होता. आणि छाती फोडून बाहेर येणाऱ्या त्या प्राण्यामागे आपल्या पोटातलं हे दुखणं आहे, असं त्यानंच सांगितलं होतं.

मी उठून बसले. पहाटेचे तीन वाजले असतील. आणि लगेच लक्षात आलं की तो प्रसंग जेवणाच्या टेबलावरच का आहे! प्राणी कुठेही बाहेर आला असता, झोपेत, इंजिनच्या खोलीत, कुठेही. पण नाही, माणूस बरा होऊन उठलाय, भूक लागलीये, चारचौघांत हसत जेवतोय, आणि मग आतनं कळ. ज्याला जेवणाची भीती बसलीये ना, त्याच माणसानं हे लिहिलंय. लग्नाच्या पंगतीत बसून, सगळे आग्रह करताहेत आणि आपण पहिला घास घेतानाच मनात घड्याळ लावतोय, हे मी किती वेळा केलंय. समीक्षकांनी या प्रसंगाचे बाळंतपणापासून बलात्कारापर्यंत खूप अर्थ लावलेत आणि ते चूक आहेत असं मला म्हणायचं नाही. पण मला त्यात आधी एका आजारी माणसाचं ताट दिसतं.

ओबॅननची त्या वेळची परिस्थितीही बेताचीच होती. पॅरिसमध्ये एका मोठ्या सिनेमाच्या कामावर गेला होता, तो सिनेमा पैशांअभावी बारगळला, खिसा रिकामा करून अमेरिकेत परत आला आणि रोनाल्ड शुसेट या मित्राच्या घरी सोफ्यावर झोपायचा. त्याच सोफ्याच्या दिवसांत दोघांनी मिळून ही गोष्ट रचली. माणसाच्या आत अंडं रुजवायची कल्पना शुसेटची. पॅरिसमधनं ओबॅननला एक मात्र मिळालं होतं, एच. आर. गीगर नावाच्या स्विस चित्रकाराची ओळख. गीगर कूर या गावचा, वडील औषधांच्या दुकानवाले. लहानपणी त्याच्या हातात माणसाची खरी कवटी आली होती, आणि गावातल्या म्युझियममधल्या इजिप्शियन ममीनं त्याला झपाटलं होतं. मोठेपणीही त्याला रात्री भयानक स्वप्नं पडायची आणि ती कागदावर उतरवली की जरा बरं वाटायचं. त्यानं १९७६ साली काढलेलं एक चित्र, लांबोडक्या डोक्याचा, डोळे नसलेल्या चेहऱ्याचा प्राणी, दिग्दर्शक रिडली स्कॉटनं पाहिलं आणि मग दुसरं काही शोधायचं राहिलंच नाही. म्हणजे एकाचं पोट आणि दुसऱ्याची झोप. दोन माणसांची दोन खरी दुखणी एकत्र आली आणि तो प्राणी उभा राहिला, आज चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली तरी तो म्हातारा होत नाही याचं कारण मला तरी हेच वाटतं.

आता परत माशीकडे येते, कारण ती मला सोडत नाही. फ्रान्समध्ये झाँ-आंरी फाब्र म्हणून एक शाळामास्तर होता, त्यानं आयुष्यभर किडे पाहिले. कुंभारणीच्या जातीतल्या एका माशीचं घर त्यानं हळूच बाजूनं उघडून पाहिलं तर अंडं अळ्यांवर ठेवलेलंच नव्हतं, छताला एका कोळिष्टकाहून बारीक धाग्यानं टांगलं होतं. का, तर खालच्या अळ्या बधिर असल्या तरी पुरत्या मेलेल्या नसतात, वळवळल्या तर अंडं चिरडेल. पिल्लू अंड्यातनं निघतं ते त्या धाग्यालाच लोंबकळत खाली वाकून खातं, आणि खालचं अन्न हललं की वर सरकतं, शांत झालं की परत खाली. हे वाचून मी खूप वेळ काहीच करू शकले नाही. माझ्या हातावर त्या दिवशी आखडलेली ती अळी, तिच्या आखडण्याचासुद्धा हिशोब कुंभारणीनं केलेला होता.

डार्विनलाही असल्याच माश्यांनी घेरलं होतं, घर न बांधता थेट सुरवंटाच्या अंगात अंडी घालणाऱ्या. १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं सुरवंटांच्या जिवंत शरीरात वाढायला या माश्या मुद्दाम घडवल्या असतील हे माझ्या मनाला पटवता येत नाही. म्हणजे बघा, गोष्ट तीच, जिवंत अळी, तिला खाऊन वाढणारी आणि शेवटी बाहेर पडणारी माशी. आमच्याकडे कुणीतरी ते पाहिलं आणि त्याला त्यात भक्ती दिसली, डार्विनला देवाबद्दल शंका आली, आणि हॉलिवूडमधल्या पोटदुखीनं बेजार माणसाला राक्षस दिसला. ज्यानं त्यानं आपापलं दुखणं घेऊनच त्या घरात डोकावून पाहिलं असणार.

राक्षस कुठनं आले हे शोधणारे लोक बऱ्याचदा अमुक पुस्तकातनं तमुक पुस्तकात आला, एवढ्यावर थांबतात. ड्रॅक्युलाचं सगळ्यात जास्त असं होतं, रोमानियातल्या वालेकियाचा राजा व्लाद, त्याचे सूळ, त्याचा किल्ला. पण 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरची आई शार्लट ही आयर्लंडमधल्या स्लायगो गावची, आणि १८३२ साली तिथे कॉलऱ्याची भयंकर साथ आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मेलाय समजून लोकांना जिवंतपणी पुरल्याच्या, गाव ओस पडल्याच्या आठवणी तिनं मुलाला सांगितल्या, लिहूनही दिल्या. आणि हा मुलगा पहिली सातेक वर्षं आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेला. पुरलेलं माणूस उठून येतं ही भीती त्याच्या कानावर आईच्या तोंडून पडली होती. आपल्याकडे हीच पटकी, गंगेच्या खोऱ्यातनं जगभर गेलेली, मरीआई झाली. तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन ठेवायचे, म्हणजे रोग पुढं जाईल. तिकडे काउंट झाला, इकडे आई झाली. आपल्या लोकांनी तिला आई म्हटलं, तिला साडीचोळी केली, याबद्दल मला फार आत कुठेतरी बरं वाटतं.

पण मला जिच्याबद्दल खरं लिहायचंय ती मेरी शेली.

फ्रँकेन्स्टाइनची जन्मकथा सगळ्यांना तोंडपाठ असते. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला टांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुळीनं १८१६ चा युरोपातला उन्हाळा नासला, जिनिव्हाच्या तळ्याकाठी व्हिला दिओदातीमध्ये कवी बायरन, मेरीचा जोडीदार कवी शेली, डॉक्टर पोलिडोरी पावसानं अडकून पडले, भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली आणि अठरा वर्षांच्या मेरीला मुडद्यात जीव भरणारा विद्यार्थी दिसला. मग विजेचा भाग. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीनं विजेनं हलवलेले मेलेल्या बेडकाचे पाय, आणि त्याचा भाचा अल्डिनी, त्यानं १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये जॉर्ज फॉर्स्टर या फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या तर जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. हे सगळं खरं आहे. पुस्तक १ जानेवारी १८१८ ला लेखिकेच्या नावाशिवाय आलं, प्रती फक्त ५००. (नेमक्या त्याच दिवशी आपल्याकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालली होती, हे लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही तारखा परत परत तपासल्या.)

पण पाऊस आणि वीज यांनी राक्षस उभा राहील, तो रडेल कशानं? तो राक्षस पुस्तकात किती रडतो हे सिनेमे पाहून कळत नाही. त्याला नाव नाही. डोळे उघडतो त्या क्षणी ज्यानं त्याला बनवलं तोच घाबरून पळून जातो. मग तो एका गरीब घराच्या भिंतीआड लपून, फटीतनं बघत बघत बोलायला शिकतो, त्यांच्यासाठी रात्री लाकडं तोडून आणून ठेवतो, आणि शेवटी धीर करून समोर जातो तर मार खातो.

मेरी स्वतः ११ दिवसांचीही झाली नव्हती तेव्हा तिची आई, मेरी वोलस्टोनक्राफ्ट, बाळंतरोगानं गेली. १८१५ च्या फेब्रुवारीत मेरीला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. बारा-तेरा दिवस जगली, ६ मार्चला गेली, नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. १९ मार्चच्या डायरीत मेरी लिहिते की स्वप्न पडलं, माझी छोटी परत जिवंत झाली, ती नुसती गारठली होती, आम्ही तिला शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ती जगली. जाग आली आणि बाळ नाही.

हे वाचलं तेव्हा मला आजीची ट्रंक आठवली. आजी गेल्यावर आम्ही ती उघडली तर लुगड्यांच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कुंची निघाली. तांबड्या खणाची, कडेला जिगाची पट्टी, आतलं अस्तर पिवळं पडलेलं. आईनं सांगितलं, मामांच्या आधी एक मुलगी झाली होती, सव्वा महिन्याची होऊन गेली. आजीनं उभ्या आयुष्यात तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आमच्याकडे काढतच नाहीत. ती कुंची मी हातात धरली तेव्हा तिला डांबरगोळीचा वास येत होता, आणि डोक्याच्या बाजूला आतून तेलाचा अगदी फिका डाग होता, टाळू भरल्याचा.

मेरीनं गारठलेल्या शरीरात ऊब आणायचं स्वप्न पाहिलं आणि पुढच्याच वर्षी मेलेल्या शरीरात जीव आणणाऱ्याची गोष्ट लिहिली. यासाठी बेडकाच्या पायांची मदत झाली असेल, पण मूळ तिथे नाही. आणि अजून एक. जिनिव्हाला असताना तिच्या कडेवर दुसरं बाळ होतं, काही महिन्यांचा विल्यम. पुस्तकात राक्षस ज्याचा पहिला जीव घेतो त्या लहान मुलाचं नाव तिनं काय ठेवलं, तर विल्यम. आपल्या मांडीवरच्या, दूध पिणाऱ्या मुलाचं नाव! किती घाबरलेली असेल ती. मला वाटतं ती भीतीला आधीच सांगून टाकत होती की मी तुला ओळखते. उपयोग झाला नाही. तो विल्यम १८१९ मध्ये रोमला तापानं गेला, साडेतीन वर्षांचाही झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी व्हेनिसला लहानगी क्लारा गेली होती.

गॉडझिलाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे दुःख एकाचं नाही, एका देशाचं आहे आणि ते माझ्या आवाक्यातलं नाही. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, अंदाज सहा मेगाटनच्या आसपासचा, निघाला पंधराचा. धोक्याच्या हद्दीबाहेर जपानची एक मासेमारी बोट होती, 'लकी ड्रॅगन नंबर ५', तिच्यावर २३ जण. पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखं झालं आणि काही तासांनी पांढरी राख पडायला लागली, केसांत, कपड्यांत, डेकवरच्या माशांवर. ते सगळे आजारी पडून घरी परतले. नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत अशा चाचण्या थांबवा म्हणून मागणी केली ती याच पार्श्वभूमीवर. बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला, चाळीस वर्षांचा. आणि ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला, ज्याच्या सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड होतो आणि एक बोट पेटते. थेटरात बसलेल्या लोकांना कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक होंडा स्वतः युद्धानंतर कैदेतनं सुटून घरी येताना हिरोशिमातनं गेला होता. त्या प्राण्याची ती खडबडीत, सुरकुतलेली कातडी बॉम्बमध्ये भाजलेल्या माणसांच्या व्रणांसारखी आहे असं म्हणतात, आणि एकदा हे कळलं की तो रबराचा सूट म्हणून बघताच येत नाही. त्याची ती आरोळी संगीतकार इफुकुबेनं राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या सैल केलेल्या तारेवरनं ओढून काढली. मी ती कानाला हेडफोन लावून ऐकली. हल्ला करणाऱ्याची आरोळी वाटत नाही. कुणालातरी खूप दुखतंय.

आता माझा आजार आटोक्यात आहे. दर आठ आठवड्यांनी सलाईनमधनं औषध घ्यायला जाते, तीन तास बसावं लागतं, समोरच्या खुर्चीत एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा असतो, त्यालाही हेच. मागच्या वेळी त्याला ओबॅननचं सांगितलं. त्यानं सिनेमा पाहिला होता, पण हे माहीत नव्हतं. तो बराच वेळ सलाईनच्या थेंबांकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मावशी, त्यालापण जेवायची भीती वाटायची?" मी म्हटलं, वाटत असणार.

यंदा मेमध्ये आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, गॅसच्या पाइपामागे कुंभारणीनं घर केलंय. कामाला येणाऱ्या ताई झाडू घेऊन आल्या होत्या, मी त्यांना राहू दे म्हटलं. चार खोल्या झाल्यात. तीन बंद आहेत, चौथीचं तोंड काल संध्याकाळपर्यंत उघडं होतं, आणि ती कुंडीतल्या ओल्या मातीवर येऊन बसायची, भुणभुणत एक गोळी करायची आणि परत पाइपामागे जायची. मी तुळशीला पाणी जरा जास्तच घातलं, तिला माती ओली मिळावी म्हणून.